पत्रकाची कोरी कड

रविवारी सकाळी बाई मोपेड अंगणात कडुलिंबाखाली उभी करायची आणि घरात हाक मारायची, "डाक्टरीनबाई, पेशंट आला वं तुमचा!"

त्या हाकेची मी शनिवारपासून वाट पाहायची. बाई म्हणजे माझी थोरली बहीण. आमच्या झाडीपट्टीत थोरल्या बहिणीला बाईच म्हणतात. माय लवकर गेली, त्यामुळं माझी वेणी घालण्यापासून मला पाढे शिकवण्यापर्यंत सगळं हिनंच केलं. नर्सचं शिक्षण घेऊन ती परत आली होती आणि सरकारी नेमणुकीची वाट पाहत कुरखेड्यात एका डॉक्टरांकडं कामाला जात होती. आमचं गाव कुरखेड्यापासून दोन तास चालण्यावर. एका निवृत्त गुरुजींच्या पडवीत धूळ खात पडलेली मोपेड बाबांनी आणली, खोलली, जोडली आणि तिच्या हाती दिली. त्या काळात आमच्या भागात बाईमाणूस सायकलवर दिसलं तरी लोक वळून पाहायचे. बाई मोपेडवरून गेली की पानठेल्यावरची मंडळी बोलणं थांबवायची. एकानं एकदा ओरडून विचारलं, "कोन शिकवली वं गाडी?" बाईनं गाडी थांबवली, पाय टेकला आणि म्हणाली, "भाऊ, तुमी शिकवत होते तं मी तुमच्याकडंच आली असती. तुमाले येते का पन?" त्याला येत नव्हती.

बाबा इंजिन मिस्त्री. धानाच्या बांधीला पाणी देणारी रॉकेलवरची छोटी इंजिनं बंडीत घालून आसपासच्या गावांतून आमच्या अंगणात यायची. पण चाळिशी उलटल्यावर बाबांना बारीक फट दिसेनाशी झाली. चष्मा लावला तरी दिसेना. त्यामुळं मॅग्नेटोचं काम माझ्याकडं आलं. पोरगी इंजिन खोलते म्हणून हसणारे पुष्कळ होते. त्यांचीही इंजिनं ऐन पाण्याच्या दिवसांत बंद पडायची आणि मग ते माझ्यासमोर उकिडवे बसून "हळू वं बाई, स्क्रू हरपन" म्हणायचे. मला त्यात भारी आनंद व्हायचा. तेव्हा मी अठरा-एकोणीस वर्षांची होते आणि जगातला प्रत्येक हिशेब चुकता करायला निघाले होते.

मोपेडच्या इंजिनाच्या एका अंगाला लोखंडी चाक असतं. तेच मॅग्नेटो. ते फिरलं की आत वीज तयार होते. आत मेथीच्या दाण्याएवढे दोन पॉइंट असतात. ते एकमेकांना टेकलेले असतात तोवर काही घडत नाही. ते सुटले की त्या क्षणी प्लगवर ठिणगी पडते. सगळी करामत त्या सुटण्याच्या वेळेची. पिस्टन वर पोचायच्या जरासं आधी ठिणगी पडली पाहिजे. उशिरा पडली की इंजिन तापतं, चढावर दमतं. फार आधी पडली की आतून ठोके देतं. बाबांची शिकवण दोन वाक्यांची होती. "ठिनगी पिस्टनची वाट पाहते, पिस्टननं ठिनगीची वाट नाई पाहावं. एवढं ध्यानात ठेव, बाकी सारं पान्ह्याचं काम हाय."

ही वेळ, म्हणजे टायमिंग, पकडायला शहरातल्या मिस्त्रीकडं यंत्रं असतील. आमच्याकडं कागद होता. आधी प्लग काढून त्याची काजळी खरवडायची. चाकाला एक खिडकी असते, तिच्यातून पॉइंट दिसतात. ते बारीक कानशीनं घासायचे, कागदानं पुसायचे. मग पातळ कागदाची पट्टी दोन पॉइंटच्या मधे धरायची, डाव्या हातानं चाक अगदी हळू फिरवायचं आणि उजव्या हातानं पट्टी हलकेच ओढत राहायची. पॉइंट मिटलेले असेतो पट्टी जागची हलत नाही. ते सुटले की पट्टीही सुटते. तिथंच चाक थांबवायचं आणि पाहायचं, चाकावरची रेघ आणि इंजिनावरची रेघ समोरासमोर आली का. नसेल आली तर पॉइंट ज्यावर बसवलेले असतात त्या आतल्या पत्र्याचा स्क्रू सैल करायचा, पत्रा केसभर सरकवायचा आणि पुन्हा पट्टी धरायची. कधी दोनदा जमायचं, कधी दहादा.

पट्टी धरलेली असताना मला बोलता यायचं नाही. श्वासही मी बेताचा घ्यायची. बाई समोर सूप घेऊन तांदूळ पाखडत बसलेली असायची आणि नेमकी तेव्हाच तिला दवाखान्यातल्या गमती आठवायच्या.

"काल एक बुढा आला. डाक्टर म्हने, जीभ दाखवा. तं म्हने, इथी दाखवू का घरी जाऊन दाखवू?"

माझा हात हलायचा. पट्टी चुकायची.

"बाई, गप बस ना वं!"

"मी का केली? मी तांदूळ निवडून राह्यली."

एका मोपेडचं टायमिंग दर रविवारी पाहायची गरज नसते. महिन्या-दोन महिन्यांनी पाहिलं तरी चालतं. ते मला माहीत होतं, बाबांना माहीत होतं. बाईला माहीत होतं की नाही, हे मी कधी विचारलं नाही. आठवडाभर ती दवाखान्याची असायची, संध्याकाळी विहारातल्या बायकांच्या वर्गाची असायची. रविवारची सकाळ तेवढी माझी होती.

कागदाची पट्टी पत्रकाची असायची. आमचं घर पत्रकांवर वाढलं. बाबा दर दसऱ्याला नागपूरला जायचे आणि येताना पिशवीभर पत्रकं, पुस्तिका, जाहीरनामे घेऊन यायचे. मी वाचायला शिकले ती त्याच कागदांवर. शाळेच्या पुस्तकात कमळ आणि बदक होतं. आमच्या घरच्या कागदांत समता, संघर्ष, स्वाभिमान असले शब्द होते आणि जोडाक्षरं मला बदकाच्या आधी यायला लागली. ती पत्रकं पातळ, गुलाबी-पिवळ्या कागदावर छापलेली असायची. वाचून झाल्यावर बाबा प्रत्येक पत्रकाची खालची कोरी कड नखानं दुमडून अलगद फाडायचे आणि तंबाखूच्या एका रिकाम्या डबीत ठेवायचे. टायमिंगसाठी त्याच पट्ट्या. मला शिकवताना त्यांनी बजावलं होतं, "अक्षरावर जाऊ नोको. कड घे."

याचा अर्थ मी माझ्या परीनं लावला. आमच्या आज्याला अक्षर शिवू दिलं नव्हतं. त्याच्या लेकाला ते मिळालं, तेव्हा तो अक्षर फाडत नाही, फक्त कोरी कड घेतो. मला हे इतकं मोठं वाटलं की मी विहारात एका कार्यक्रमात त्यावर भाषण केलं. "माझे बाबा अक्षर फाडत नाहीत!" असं मी हात वर करून म्हणाले तेव्हा टाळ्यांचा कडकडाट झाला. पुढच्या रांगेतल्या एका म्हातारीनं डोळ्यांना पदर लावला. बाबा मागच्या भिंतीशी बसले होते. ते आपल्या पायाच्या अंगठ्याकडं पाहत होते. मला वाटलं, ते भारावले आहेत.

त्या हिवाळ्यात मी माझं पहिलं पत्रक काढलं. आठवडी बाजारातल्या हॉटेलात आमच्या वस्तीच्या लोकांसाठी चहाचे कप बाहेर खुंटीला वेगळे टांगलेले असायचे. ते पिढ्यान्‌पिढ्या तिथं आहेत आणि आमचीच माणसं ते मुकाट्यानं धुऊन परत टांगतात, याचा मला भयंकर राग होता. ओळखीच्या एका मास्तरांनी शाळेचं सायक्लोस्टाईल यंत्र एका दुपारी वापरू दिलं. कागद मोजकेच मिळाले होते आणि मला सांगायचं होतं फार. मी कागदाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत मजकूर भरला. वर जागा ठेवली नाही, खाली ठेवली नाही. बाईनं ते वाचलं आणि म्हणाली, "मस्त हाय. पन श्वास कुठी घ्याचा?" पत्रकं वाटून पन्नासेक उरली, ती माझ्या उशाशी होती.

आणि मग फेब्रुवारीच्या शेवटी बाईची ऑर्डर आली.

जिल्हा तेव्हा नुकताच चंद्रपूरपासून वेगळा झाला होता, नव्या जागा निघत होत्या. बाईची नेमणूक धानोऱ्याच्या पुढं जंगलातल्या एका उपकेंद्रावर झाली होती. रुजू व्हायला धानोऱ्याला जायचं होतं. येत्या सोमवारी कचेरी बंद व्हायच्या आत हजर न झाल्यास नेमणूक रद्द समजून यादीतल्या पुढच्या उमेदवाराला घेतलं जाईल, असं खाली टाइप केलं होतं. बाईनं ते दोनदा वाचलं आणि तिसऱ्यांदा बाबांना मोठ्यानं वाचून दाखवलं. दोन वर्षं ती या कागदाची वाट पाहत होती.

मी म्हणाले, "तू चाल्ली?"

"ऑर्डर आली तं जावं नाई लागत का?"

"आन् विहारातले वर्ग?"

"तू घेशीन ना. माह्यापेक्षा चांगली शिकवतं तू."

"सरकारले का आपली फिकीर पडली म्हनून नेऊन राह्यले का तुले? आकडे दाखवाले पाहिजे त्याइले. इतक्या नर्सा नेमल्या, इतकी केंद्रं उघडली. तिथी ना औषध असन ना छप्पर."

"छप्पर नाई तं झाडाखाली करन बाळंतपन. कोन्या बाईचं लेकरू अडलं तं ते आकडे पाहून थांबते का?"

"इथी बाया नाईत? इथी लेकरं नाई होत?"

"इथी डाक्टर हाय. तिथी कोनी नाई."

"वस्तीनं तुले शिकवलं. वस्ती सोडून जाणं म्हंजे..."

"म्हंजे काय? बोल." बाईचा आवाज एकदम खाली आला. "तुह्या पत्रकात कोन्या ओळीत लिवलं हाय का बाळंतिनीचं रक्त थांबत नसन तं काय कराचं? मले तं नाई दिसलं. कडेपर्यंत तं भरलं हाय तुनं."

त्यावर मी बोलणंच बंद केलं. तीन दिवस मी तिच्याशी बोलले नाही. मी जे जे म्हणाले ते सगळं तत्त्वाचं होतं आणि त्यातलं पुष्कळ आजही मला खरं वाटतं. पण त्या तत्त्वांच्या मागं एक लहानसं, अडाणी वाक्य दडलेलं होतं, आणि ते म्हणायची मला लाज वाटत होती. मला बाई घरी हवी होती. एवढंच. असल्या वाक्याचं पत्रक निघत नाही.

पेटी एस.टी.नं मागून पाठवायची, बाईनं मोपेडनं जायचं, असं ठरलं. तिथं गावोगाव फिरायचं तर गाडी लागणारच होती. रविवारी सकाळी तिनं मोपेड कडुलिंबाखाली आणून उभी केली. हाक मारली नाही. सूपही घेतलं नाही. जोत्यावर बसून पिशवीचा तुटलेला बंद शिवू लागली. मी पान्हे घेऊन आले.

मला हे स्पष्ट सांगायचं आहे की त्या दिवशी मी माझ्या आयुष्यातलं सगळ्यात चोख काम केलं. मी रागावले होते, पण गाडीवर राग काढला नाही. प्लग चकचकीत केला. पॉइंट घासले. आणि डबी उघडली तर आत एकही पट्टी नव्हती. दसऱ्याच्या पत्रकांच्या कडा संपल्या होत्या. वहीचा कागद जाड, तो पॉइंटमधे जाईना. पातळ कागद घरात एकच होता, माझ्या उशाशी ठेवलेला. त्याला कोरी कड नव्हती.

मग वाटलं, दुसऱ्याच्या अक्षराला मी हात लावला नसता. हे माझं अक्षर आहे, माझ्या हातानं लिहिलेलं, माझ्या हातानं छापलेलं. ते फाडायचा हक्क माझा. बाईशी मी धड बोलू शकत नव्हते, तर निदान माझे चार शब्द तिच्या कामी यावेत, असंही काहीसं मनात आलं. मी पत्रक उभं फाडलं, एका पट्टीनं पॉइंट मन लावून पुसले आणि दुसरीनं टायमिंग लावलं. बाई गप्प होती, त्यामुळं पहिल्याच फेरीत रेघेवर रेघ आली. गाडी एका पॅडलात सुरू झाली.

सोमवारी सकाळी ती निघाली. बाबांनी टाकीत तेल-पेट्रोल पाहिलं, चाकांत हवा पाहिली. बाईनं ऑर्डर ब्लाऊजमधे ठेवली, पिशवी पुढं बांधली आणि माझ्याकडं आली.

"वर्ग बंद पडू देऊ नोको."

मी म्हणाले, "तुह्या सायबाले नमस्कार सांगजो."

तिनं पिशवीची गाठ पुन्हा एकदा ओढून पाहिली. मग गेली. गाडीचा आवाज तलावाच्या पाळीवरून, मग सागाच्या झाडांतून बराच वेळ येत राहिला. सुरेख आवाज होता. एकही ठोका चुकत नव्हता.

दुपारच्या आधी बाबा अंगण झाडत होते. त्यांना कडुलिंबाखाली ती पट्टी सापडली. त्यांनी ती डोळ्यांपासून लांब धरून पाहिली, बोटानं चोळली, बोट पाहिलं.

"पॉइंट यानं पुसले का?"

"हो. डबीत नोयत्या पट्ट्या."

"अवं, हे शाई हाय." बाबांनी काळं झालेलं बोट माझ्यापुढं धरलं. "सायक्लोस्टाईलची. तेलाची शाई असते हे, वाळत नाई. पॉइंटवर तेल बसलं तं ठिनगीनं जळते, त्याची काजळी धरते. मंग करंटच नाई जात."

मला काही समजेना. "पन तुमी तं अक्षर... अक्षर फाडाचं नाई म्हनून कड घेत होते ना?"

"अक्षराचं काय? पॉइंटले शाई नोको म्हनून कड घेत होतो मी."

"आन् मी विहारात भाषण केलं तवा काऊन नाई सांगतलं?"

बाबा ओशाळले. "टाळ्या वाजून राह्यल्या होत्या वं."

मग त्यांनी हिशेब केला. पंधरा-वीस मैल गाडी चालेल. मग फटफट करेल, मग थांबेल. म्हणजे ऐन जंगलात. त्या रस्त्याला दिवसातून दोन-चार गाड्या. बाबांनी पायात चपला घातल्या आणि ते कुरखेड्याकडं निघाले, तिकडं जाणारा एखादा लाकडाचा ट्रक मिळाला तर त्याच्यासोबत जायला.

मी एकटी उरले. आधी मला भीती वाटली. बाई एकटी, उन्हात, मोपेड ढकलत. यादीतला पुढचा उमेदवार. दोन वर्षांची वाट. आणि मग, हे लिहायला मला इतकी वर्षं लागली, मग त्या भीतीखालून हळूहळू एक आनंद वर आला. गाडी बंद पडली तर ती पोचणार नाही. पोचली नाही तर ती परत येईल. दमलेली, चिडलेली, पण घरी येईल. पुढचा रविवार असेल. मी तो विचार ढकलला नाही. मी चूल पेटवली आणि तिघांचा भात टाकला.

चांगला अंधार पडल्यावर बाबा एका ट्रकमधून परत आले. ट्रक धानोऱ्याहून आला होता. बाबांना तो वाटेत मिळाला आणि ड्रायव्हरनं शपथेवर सांगितलं की सबंध रस्त्यात कुठं मोपेड नाही, कुठं बाई उभी नाही. "म्हंजे पोचली," बाबा म्हणाले आणि सकाळपासून पहिल्यांदा खाली बसले. "कशी पोचली कोन जाने, पन पोचली पोरगी."

आम्ही दोघं जेवलो. उरलेल्या भातावर बाबांनी पाणी घातलं.

बाई महिन्यानं आली. मोपेडवर, उन्हानं रापलेली, आल्या आल्या हसत. तिनं सगळं सांगितलं. गाडी बरोबर जंगलात बंद पडली होती. पॅडल मारून मारून दुपार झाली, तिचे पाय गेले. रस्त्याच्या कडेला एक गोंड म्हातारी मोह वेचत होती, ती टोपली घेऊन जवळ आली.

"मेली का गाडी?" म्हातारीनं विचारलं.

"मेली नाई आजी, बेसुद पडली."

"मंग तू तं डाक्टरीन दिसतं. पाह्य ना नाडी."

बाईला हसू आलं आणि रडूही आलं. तिनं आजवर एकदाही मॅग्नेटोला हात लावला नव्हता. पण दर रविवारी माझ्यासमोर बसून तिनं ते पाहिलं होतं. गाडीच्या पेटीत पेचकस होता. तिनं झाकण काढलं, स्क्रू म्हातारीच्या पदरात दिले, चाक फिरवून खिडकी समोर आणली. पॉइंट काळे झालेले. पुसायला कागद हवा, पातळ आणि कोरा. तिच्याजवळ एकच कागद होता.

"ऑर्डर फाडली?" मी ओरडलेच.

"खालची कड फाडली. तिथी काई लिवलं नोयतं." बाईनं हातानं पट्टी ओढून दाखवली. "एक पट्टी काळी आली. दुसरी बी काळी. तिसरी जराशी. चौथी कोरी निंगाली. लावला पॅडल, झाली चालू! आजी अशी हासली का तिच्या पदरातले स्क्रू खाली सांडले. एक तं अजून नाई सापडला."

कचेरी बंद व्हायला अर्धा तास असताना ती पोचली. बाबूनं ऑर्डर उलटसुलट करून पाहिली. "सिस्टर, उंदरानं खाल्ली का?" "नाई सायेब, गाडीनं खाल्ली." तो मान हलवत राहिला आणि त्यानं सही घेतली.

बाबा हसून हसून खोकले आणि पत्रकाच्या शाईचं त्यांनी तिला सांगितलं. मग ते बाहेर गेले आणि आम्ही दोघीच उरलो. बाईनं माझ्या केसांतून हात फिरवला, वेणी सोडली आणि नव्यानं घालायला घेतली. मला तिचं तोंड दिसत नव्हतं.

"मुद्दाम केलं होतं का वं?"

"नाई."

"खरं?"

"खरं बाई. शाईचं मले ठाऊक नोयतं."

"मले वाटलंच होतं," ती म्हणाली आणि वेणीचा पेड ओढला. तिनं लगेच विश्वास ठेवला. भांडली असती तर बरं झालं असतं. तिघांच्या भाताचं मी तिला सांगितलं नाही. माझं उत्तर खोटं नव्हतं म्हणून ते सांगायचं कारणही नव्हतं, अशी मी माझी समजूत घातली.

दुसऱ्या दिवशी रविवार होता. मी पहाटे उठून पान्हे पुसून ठेवले. डबीत कोऱ्या पट्ट्या भरून ठेवल्या होत्या, महिनाभर हेच केलं होतं. बाई चहा घेत जोत्यावर बसली. मी मोपेडजवळ गेले.

"राहू दे वं," ती म्हणाली, "शुक्रवारीच केलं मी."

"टायमिंग बी?"

"टायमिंग बी. पाह्य, चालू करून पाह्य."

मी सुरू करून पाहिलं. बरोबर होतं. मी म्हणाले, "बरोबर हाय." बाईला इतका आनंद झाला की तिनं टाळी वाजवली.

त्यानंतर ती दोन महिन्यांनी आली, मग चार महिन्यांनी. तिच्याकडं बाया वाढल्या, गावं वाढली. उपकेंद्राला छप्पर नव्हतंच, ते माझं बरोबर निघालं. औषधंही वेळेवर येत नव्हती. त्यावर मी एक पत्रक लिहिलं आणि बाईनं त्यातल्या दोन चुका दुरुस्त करून परत पाठवलं. वर्ग मी चालवत राहिले. सोळा बाया सही करायला शिकल्या. बाजारातले कप अजून टांगलेले होते. मी रागावत होते, भांडत होते, लिहीत होते. माझं आयुष्य चाललं होतं. फक्त रविवारी सकाळी अंगणात दुसऱ्या कुणाचं इंजिन खोललं, आणि पट्टी धरून श्वास रोखला, की माझा हात हलवणारं कुणी नसायचं. माझी पट्टी पहिल्याच फेरीत सुटायची. मला ते आवडत नव्हतं.

पुढच्या वर्षी उन्हाळ्यात मी तिच्याकडं गेले. धानोऱ्याहून दुसरी बस, मग तासभर पायी. बाईची खोली मातीची, गवतानं शाकारलेली. भिंतीला लसीकरणाचा तक्ता, कोपऱ्यात रॉकेलचा स्टोव्ह, दारात मोपेड. मी रात्री मुक्कामी पोचले आणि दुसऱ्या दिवशी आम्ही सकाळभर बोलत बसलो. माझ्या मनात तिघांच्या भाताची ती गोष्ट होती, ती मी दुपारच्या जेवणानंतर सांगणार होते. भात शिजत आला होता तेवढ्यात एक माणूस सायकलवरून धापा टाकत आला. तो बाईशी गोंडीत बोलला आणि बाईनं त्याला गोंडीतच उत्तर दिलं. मी तिच्या तोंडाकडं पाहत राहिले. ती भाषा तिला येते हे मला ठाऊक नव्हतं.

"रातपासून अडली हाय म्हनते," बाईनं मला सांगितलं आणि पिशवी उचलली. "तू जेऊन घे. मी आली."

ती गेली. गाडी वाटेला लागली, मग जंगलात शिरून चढाला लागली. मी दारात उभी राहून ऐकत होते. आणि मला ऐकू आलं. ठिणगीला उशीर होत होता. अगदी जरासा. सपाटीवर कळणार नाही, पण चढावर इंजिन जड आवाज करत होतं, दमत होतं. पत्रा केसभर सरकला असणार. पाच मिनिटांचं काम. ती आली की करू, मी म्हणाले, आणि मला इतकं बरं वाटलं की मी एकटीच हसले. तिच्या खोलीत पेचकस शोधला. तिच्या कागदांतून एक कोरी पट्टी फाडून ठेवली.

दोन वाजले. तीन वाजले. माझी शेवटची बस गाठायची तर चारला निघणं भाग होतं आणि दुसऱ्या दिवशी वर्गातल्या बायांची परीक्षा होती. मी भात झाकला. टेबलावरच्या कागदावर लिहिलं, "बाई, टायमिंग थोडं मागं गेलं आहे. चढावर गाडी त्यामुळं दमते. पत्रा केसभर सरकव. तुला जमेल." पेन बंद केलं. मग पुन्हा उघडून खाली लिहिलं, "नाही जमलं तर घरी घेऊन ये. कोणत्याही दिवशी ये."

कागद स्टोव्हखाली दाबून ठेवला आणि निघाले.

आठवड्याभरानं तिचं पोस्टकार्ड आलं. बाळंतीण सुखरूप आहे, मुलगी झाली, रडायला वेळ लावला पण मग थांबेचना. चिठ्ठी मिळाली, टायमिंग तिनं त्याच संध्याकाळी लावलं, दोनदा चुकलं, तिसऱ्यांदा जमलं. आता गाडी चढ सहज चढते. बाबांच्या खोकल्याला अडुळशाचा काढा दे. मी ते बाबांना मोठ्यानं वाचून दाखवलं. बाबा म्हणाले, "पक्की मिस्त्री झाली पोरगी."

मग मी ते पुन्हा एकदा मनात वाचलं, कारण पहिल्या वेळी माझं मजकुराकडं लक्षच नव्हतं. मी फक्त "येते" हा शब्द शोधत होते. कार्ड दोन्ही बाजूंनी भरलेलं होतं. तो कुठंच नव्हता.